साताऱ्याच्या पांडुरंग सुखात्मेंनी जगाची भूक मोजली होती, तोच हिशोब आज जव्हार-मोखाड्यात अडलाय

जव्हार-मोखाड्याचं नाव बातम्यांत दोनच कारणांनी येतं. पावसाळ्यात दाभोसाच्या धबधब्यासाठी आणि एरवी कुपोषणासाठी.

१९९२-९३ सालची गोष्ट. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, जव्हार ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त बालकं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर पोरं भुकेनं मरतात, हे कुणाला पटेना. सरकार हललं आणि जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. पुढे २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा मथळे गाजले.

यात दर वेळी एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे आकड्यावरून होणारा वाद. संघटना एक आकडा सांगतात, सरकारी अहवाल दुसरा सांगतो. मृत्यूच्या कारणापुढे न्यूमोनिया, अतिसार, कमी वजनाचं बाळ असं लिहिलेलं असतं. कुपोषण हा शब्द कागदावर सापडतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते जुने दिवस गेले. आज अंगणवाडीताईच्या हातात मोबाइल आहे. १ मार्च २०२१ ला पोषण ट्रॅकर हे अॅप सुरू झालं. देशभरातल्या जवळपास १४ लाख अंगणवाड्यांतून कोट्यवधी मुलांची वजनं आणि उंच्या त्यात भरल्या जातात. एवढी माहिती हाताशी असताना किती पोरं उपाशी आहेत, हे एका बटणावर कळायला हवं.

पण कळत नाही. माहितीचा डोंगर जितका मोठा, तितकी त्यातली चूक शोधणं अवघड, ही आज जगभरातल्या संगणकशास्त्रज्ञांची डोकेदुखी आहे. ही डोकेदुखी संगणक यायच्या आधी ओळखलेला एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

बुध ते लंडन

सुखात्मेंचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. बुध हे खटाव तालुक्यातलं. म्हणजे पक्का दुष्काळी पट्टा. पाऊस आला तर पीक, नाही तर पुढच्या वर्षाची वाट.

पोरगं गणितात हुशार. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून गणित घेऊन १९३२ साली पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

वेळ अगदी मोक्याची होती. संख्याशास्त्र हा विषय तिथे नव्यानं घडत होता. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन, जर्झी नेमन ही या शास्त्रातली सगळ्यात मोठी नावं त्याच आवारात वावरत होती. १९३४ साली नेमन यांनी नमुना कसा निवडावा यावर एक निबंध वाचला आणि सर्वेक्षणाची सगळी पद्धतच बदलून गेली.

मुद्दा तसा साधा होता. भात शिजला का हे बघायला अख्खं पातेलं खावं लागत नाही, शितावरून कळतं. पण ते शीत कुठलं उचलायचं? वरचंच उचललं तर खालचा करपलेला भात कळणार नाही. नेमन यांचं म्हणणं होतं की शीत आपल्या मर्जीनं उचलायचं नाही. पातेल्याचे थर करायचे आणि प्रत्येक थरातून चिठ्ठी टाकल्यासारखं यदृच्छेनं उचलायचं. मग अंदाज किती चुकू शकतो, हेही गणितानं सांगता येतं.

सुखात्मेंनी १९३५ साली याच विषयावर आपला निबंध लिहिला आणि १९३६ साली त्यांना पीएचडी मिळाली.

योगायोग बघा, त्याच १९३६ साली अमेरिकेत या शास्त्राचा जाहीर निकाल लागला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकानं तब्बल एक कोटी लोकांना कार्डं पाठवली. तेवीस-चोवीस लाख परत आली आणि मासिकानं लँडन जिंकणार असं जाहीर केलं. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजार लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले.

मासिकाची यादी टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांची होती. मंदीच्या काळात टेलिफोन परवडणारी माणसं म्हणजे अख्खा देश नव्हे. शिवाय कार्ड परत पाठवायची तसदी घेणारेही वेगळ्याच मताचे निघाले. चोवीस लाखांचा ढीग पन्नास हजारांपुढे हरला तो असा.

मालवीयजींचा प्रश्न

सुखात्मे भारतात परतले. त्यानंतरचा एक प्रसंग त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. बनारस हिंदू विद्यापीठात पंडित मदन मोहन मालवीय यांच्याशी त्यांची गाठ पडली. लंडनहून आलेल्या या तरुणाला मालवीयजींनी विचारलं, की या शास्त्राचा आपल्या गरीब देशाला उपयोग काय? सुखात्मेंकडे मालवीयजींचं समाधान होईल असं उत्तर नव्हतं. ती बोच घेऊनच ते बाहेर पडले आणि शेती व भूक या दोन विषयांकडे वळले.

काही काळ कलकत्त्याला सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत शिकवल्यावर १९४० साली ते दिल्लीच्या इंपीरियल कौन्सिल ऑफ अॅग्रिकल्चरल रिसर्चमध्ये रुजू झाले. हीच आजची आयसीएआर. तिथे त्यांनी उभा केलेला संख्याशास्त्राचा विभाग पुढे वाढत जाऊन भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था झाला.

आणेवारीवर चालणारा देश

तेव्हा देशात धान्य किती पिकलं हे ठरत होतं आणेवारीवर.

आणेवारी हा शब्द महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. बारा आणे म्हणजे बरं. सहा आणे म्हणजे दुष्काळ. तलाठी किंवा पटवारी शेताच्या बांधावर उभा राहायचा, नजर टाकायचा आणि आकडा लिहायचा. त्या आकड्यावर शेतसारा माफ होणार की नाही हे ठरायचं. मग तो आकडा कुणाच्या दबावानं खाली यायचा, कुणाच्या भीतीनं वर जायचा. अशा लाखो नजरअंदाजांची बेरीज म्हणजे देशाचं धान्य उत्पादन.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं गेली. धान्याचा खरा अंदाज हाताशी नसणं किती जिवावर बेतू शकतं, हे तेव्हा दिसलं.

सुखात्मेंनी जो मार्ग रुजवला त्याला आज आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. त्या गावातली शेतंही तशीच निवडायची. निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. नजरेला इथे कामच ठेवलेलं नाही. आज पंतप्रधान पीक विमा योजनेत तुमच्या महसूल मंडळाचं उत्पादन ठरतं ते याच पद्धतीच्या आधारे. आता उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पादन सांगणारी संगणकीय मॉडेलं आली आहेत, पण ती बरोबर की चूक हे ताडून बघायला शेवटी कापलेलं आणि तोललेलं पीकच लागतं.

छोटी चौकट, मोठी चूक

याच काळात सुखात्मेंचा एक वाद गाजला. समोर होते प्रशांतचंद्र महालनोबिस, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक.

महालनोबिस यांचा कल होता शेतात अगदी लहान तुकडे कापण्याकडे. तुकडा लहान म्हणजे खर्च कमी, वेळ कमी आणि त्याच पैशात जास्त शेतं. ऐकायला बिनतोड वाटतं.

सुखात्मेंनी शेतात जाऊन तपासलं. एकाच भागात वेगवेगळ्या मापाच्या चौकटी टाकून बघितल्या. तुकडा जितका लहान, तितकं उत्पादन फुगलेलं निघत होतं.

कारण समजायला सोपं आहे. चौकटीच्या रेषेवर काही रोपं येतातच. ती आत धरायची की बाहेर? मोजणारा माणूस नकळत ती आत ओढतो. मोठ्या चौकटीत रेषेवरच्या रोपांचा वाटा किरकोळ असतो. छोट्या चौकटीत तो भरमसाट होतो. १९४६ साली नेचर या नियतकालिकात त्यांनी ही चूक मांडली.

यातली खरी गोम अशी, की चूक एकाच दिशेची होती. शंभर शेतांऐवजी दहा हजार शेतं मोजली तरी ती कमी होणार नव्हती. उलट, इतकी शेतं मोजली म्हणून चुकीच्याच आकड्यावर जास्त विश्वास बसला असता.

हेच आजच्या महाडेटाचं दुखणं आहे. २०२१ साली अमेरिकेत कोरोनाची लस किती जणांनी घेतली हे शोधायला फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांचं सर्वेक्षण होत होतं. मे महिन्यात त्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा तब्बल १७ टक्क्यांच्या अंतरानं जास्त निघाला. नीट निवडलेल्या हजारभर लोकांचं छोटं सर्वेक्षण त्याहून कितीतरी जवळ होतं. मुरादाबादचा गहू असो की फेसबुक, मोजणी कितीही वाढवली तरी एकीकडे झुकलेला काटा आपोआप सरळ होत नाही.

रोममध्ये जगाचं ताट

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये, संख्याशास्त्र विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढची जवळपास वीस वर्षं ते तिथेच होते. नमुना सर्वेक्षणावरचं त्यांचं पुस्तक १९५४ साली आलं आणि अनेक देशांत ते अभ्यासाला लागलं.

त्या वेळी जगात एक वाक्य सर्वमान्य झालं होतं, की दोन-तृतीयांश मानवजात उपाशी आहे. एफएओचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनीच ते मांडलं होतं.

सुखात्मेंनी हा आकडा आला कुठून ते बघितलं. हिशोब ढोबळ होता. एखाद्या देशाचं सरासरी अन्न ठरलेल्या उष्मांकापेक्षा कमी निघालं, की त्या देशातली सगळी माणसं उपाशी धरली जात. म्हणजे भारताची सरासरी कमी, तर मुंबईतला गिरणीमालकही उपाशी. आणि ज्या देशाची सरासरी जास्त, तिथे फुटपाथवर झोपणाराही पोटभर जेवलेला.

सुखात्मेंनी सरासरीच्या आत डोकावायचं ठरवलं. देशात एकूण अन्न किती, ते माणसामाणसांत कसं विभागलं जातं आणि माणसाची कमीत कमी गरज किती, या तीन गोष्टी एकत्र करायच्या. मग त्या गरजेच्या खाली किती माणसं येतात ते काढायचं. १९६१ साली त्यांनी हा अभ्यास लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडला. जगातली १० ते १५ टक्के माणसं अर्धपोटी आहेत, आणि सकस अन्न न मिळणारी धरली तर हा आकडा निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, असा तो हिशोब होता. सोसायटीनं १९६३ साली त्यांना गाय पदक देऊन गौरवलं.

आज दरवर्षी जगात किती कोटी लोक उपाशी आहेत याची बातमी येते. एफएओचा तो आकडा सुखात्मेंनी घालून दिलेल्या वाटेवरूनच निघतो. जागतिक भूक निर्देशांकात भारत खाली का, यावरून समाजमाध्यमांवर दरवर्षी भांडणं होतात आणि भारत सरकार पद्धतीवर आक्षेप घेतं. त्या निर्देशांकात एफएओचा हाच आकडा एक घटक म्हणून वापरला जातो. ज्या पद्धतीवरून आपण भांडतो तिचा पाया एका सातारकरानं रचलाय, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

डाळभातात प्रोटीन कमी नव्हतं

साठच्या दशकात जगात आणखी एक लाट आली, प्रोटीनची. गरीब देशांत प्रोटीनचा भयंकर तुटवडा आहे, मुलांना मासळीची भुकटी किंवा खास तयार केलेलं पीठ द्यावं लागेल, असं मोठमोठे अहवाल सांगत होते.

सुखात्मेंनी भारतातल्या आहाराचे आकडे तपासले आणि वेगळंच म्हणणं मांडलं. ज्याला रोजची भाकरी, भात आणि डाळ पोटभर मिळते, त्याला बहुतेक वेळा प्रोटीनही पुरेसं मिळतं. प्रोटीन कमी पडतं ते पोटच भरत नाही म्हणून. अन्न अपुरं असलं की शरीर प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळतं. म्हणजे महागडी भुकटी देण्याआधी ताट भरा. पुढे सत्तरच्या दशकात जगभरातल्या तज्ज्ञांनीही प्रोटीनच्या त्या लाटेबद्दल माघार घेतली.

पुण्यात पेटलेला वाद

१९७१ साली सुखात्मेंना पद्मभूषण मिळालं. रोमहून परतल्यावर त्यांनी पुण्यात काम सुरू केलं, महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत.

त्याच वर्षी पुण्याच्याच गोखले इन्स्टिट्यूटमधून विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दांडेकरांचा जन्मही साताऱ्याचाच. रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च करू न शकणारा गरीब, असं माप त्यांनी धरलं होतं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये. या मापानं खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली जवळपास ५० टक्के माणसं रेषेखाली येत होती.

सुखात्मेंचा आक्षेप मापावर होता. त्यांचं म्हणणं असं, की माणसाची गरज म्हणजे भिंतीवर ठोकलेला खिळा नव्हे. कुणाला कमी लागतं, कुणाला जास्त. तोच माणूस आज कमी जेवतो, उद्या जास्त जेवतो आणि शरीर त्याप्रमाणे जुळवून घेतं. एका दिवसाचं ताट बघून कुणाला उपाशी ठरवता येत नाही. म्हणून सरासरी गरजेवर रेषा न ओढता ती खाली घ्यायची, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून. त्याखाली जो जाईल तो नक्की उपाशी. या हिशोबानं उपाशी माणसांची संख्या जवळपास निम्म्यावर येत होती. अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी हा सिद्धांत मांडला आणि तो सुखात्मे-मार्गेन या नावानं ओळखला जाऊ लागला.

आणि मग रण पेटलं.

दांडेकर आणि इतर अभ्यासकांचा आक्षेप असा, की रेषा इतकी खाली घेतली की तिच्या जरा वर असलेली, पण स्वतःच्या गरजेपेक्षा कमी खाणारी माणसं हिशोबातूनच गळतात. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप त्याहून टोकदार होता. शरीर जुळवून घेतं हे खरं, पण फुकट घेत नाही. मुलाची उंची खुंटते, खेळणं कमी होतं, काम करायची ताकद जाते. त्याच काळात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं सुखात्मेंच्या मांडणीचा आधार घेत खुजी पण निरोगी मुलं ही कल्पना पुढे आणली, तेव्हा गोपालन यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. पुढच्या काळात खुंटलेली उंची हीच दीर्घकाळच्या कुपोषणाची खूण म्हणून जगभर धरली गेली. त्या मुद्द्यावर सुखात्मेंची बाजू लंगडी पडली.

पण त्यांच्या दुसऱ्या म्हणण्याचं वजन वाढत गेलं. ताटात किती वाढलं यापेक्षा अंगाला किती लागलं हे बघा, असं ते सांगत होते. गढूळ पाणी पिऊन मूल सतत जुलाबानं आजारी असेल तर खाल्लेलं वाया जातं. म्हणून पुण्यात त्यांनी स्वच्छता आणि शुद्ध पाणी हे विषय लावून धरले.

२८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचं निधन झालं. आज केंद्र सरकार संख्याशास्त्रातल्या कामासाठी त्यांच्या नावानं राष्ट्रीय पुरस्कार देतं.

आता परत जव्हारला

सुखात्मे ज्या ज्या प्रश्नांशी झुंजले, ते सगळे आज या दोन तालुक्यांत एकत्र सापडतात.

पहिला प्रश्न सरासरीचा. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्यातल्या एकट्या वसई तालुक्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या वर. जव्हारची सुमारे १ लाख ४० हजार, मोखाड्याची सुमारे ८३ हजार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतचे आकडे देतं. म्हणजे विरारच्या सोसायटीतलं मूल आणि मोखाड्याच्या पाड्यावरचं मूल एकाच सरासरीत. जे बॉइड ऑर यांच्या हिशोबात देशाचं झालं, तेच इथे जिल्ह्याचं होतं. मोठ्या सर्वेक्षणातून तालुक्याचा, गावाचा भरवशाचा अंदाज कसा काढायचा, यावर आज जगभर संशोधन चालू आहे.

दुसरा प्रश्न यादीत नसलेल्यांचा. दिवाळी झाली की इथले वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. भिवंडी, वसई, ठाणे. नागली-वरईवर वर्ष निघत नाही. पोरं सोबतच जातात. अंगणवाडीत वजन होतं ते मागे राहिलेल्या मुलांचं. टक्केवारी निघते वजन झालेल्या मुलांची. म्हणजे ज्याच्या घरी खायला कमी, तेच मूल काट्यावर चढत नाही. लिटररी डायजेस्टच्या यादीत टेलिफोन नसलेला माणूस नव्हता, या यादीत वीटभट्टीवरचं मूल नाही. राज्य सरकारनं अशा स्थलांतरितांचा माग ठेवणारी वेगळी प्रणाली सुरू केली आहे. पण गावाकडच्या नोंदीतलं मूल आणि भट्टीवरच्या नोंदीतलं मूल एकच आहे हे संगणकाला पटवणं सोपं नाही. नावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं, जन्मतारीख अंदाजे, आधार असेलच असं नाही. कडक जुळवणी केली तर एकाच मुलाची दोन होतात, सैल केली तर दोन मुलांचं एक होतं. आणि सगळं जोडलंच, तर एका गरीब कुटुंबाची सगळी माहिती एका ठिकाणी गोळा होते, ती सांभाळायची कुणी हा आणखी एक प्रश्न.

तिसरा प्रश्न मोजणाऱ्या हाताचा. वळवळणाऱ्या पोराची उंची मोजणं हे कौशल्याचं काम आहे. एक-दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तर मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. २०२१ साली पोषण ट्रॅकर अॅप इंग्रजीत असल्याची आणि मोबाइल निकृष्ट असल्याची तक्रार करत राज्यातल्या हजारो अंगणवाडीसेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. त्यातच आकडा वाढला की वरून विचारणा होते, ही भीती आणेवारी लिहिणाऱ्या तलाठ्यालाही होतीच. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मुलाची उंची ओळखायचे प्रयोगही झाले आहेत. पण ते यंत्र शिकणार कुणी तरी मोजलेल्या उंचीवरूनच. मोजमाप एकीकडे झुकलेलं असेल, तर यंत्रही तसंच झुकतं.

चौथा प्रश्न रेषेचा, म्हणजे सुखात्मे आणि दांडेकरांचं भांडण. आज उंचीच्या मानानं वजन बघतात. प्रमाणित वजनापेक्षा तीन प्रमाण विचलनांहून खाली ते सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. दोन आणि तीनच्या मधलं ते मॅम. दोनच्या जरा वर असलेलं मूल कागदावर सर्वसाधारण. या रेषेवर मुलाचं ताट ठरतं. सॅम असेल तर ग्राम बाल विकास केंद्रात जास्तीचा आहार आणि औषधं, गरज पडली तर दवाखान्यात भरती. रेषेच्या वर असेल तर नेहमीचंच. म्हणजे शंभर ग्रॅमची चूक एखाद्या पोराला महिनाभराच्या जास्तीच्या खाण्यातून बाहेर ठेवू शकते.

आणि पाणी. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अंगाला किती लागलं हे बघा, असं म्हणणाऱ्या सुखात्मेंनी इथे काट्याच्या आधी हंडा तपासला असता.

आकड्यांच्या बाबतीत हा माणूस कधी बरोबर ठरला, कधी चुकला. रेषा खाली घेतली की उपाशी माणसं कागदावरून कमी होतात, पाड्यावरून नाही, हे त्यांच्या विरोधकांनी त्यांना ऐकवलं आणि ते खरंच होतं. पण कोण मोजलं गेलं नाही, काटा कुणीकडे झुकलाय आणि सरासरीच्या आत काय दडलंय हे आधी विचारा, हा धडा सुखात्मेंचाच.

दिवाळीनंतर जव्हारच्या एखाद्या अंगणवाडीत महिन्याचं वजन होतं. यादीत तीस नावं असतात, काट्यावर अठरा पोरं चढतात असं धरा. अॅपमध्ये अठराचा आकडा व्यवस्थित भरला जातो, वर दिल्लीपर्यंत पोहोचतो, आलेखही बनतो. उरलेली बारा पोरं तेव्हा कुठल्या तरी वीटभट्टीवर असतात. कोट्यवधी नोंदींच्या त्या डोंगरात त्यांचं वजन कुठेच नसतं.